तीस ग्रॅम

येरळवाडीच्या तलावावर मी मासे तोलते.
सोसायटीची नोकरी. पहाटे पाचला काटा पुसायचा,
चिलापी, कटला, मरळ, जाळ्यातून निघेल ते
आकड्यात बसवायचं,
बसणार नाही ते ‘घट’ म्हणून लिहायचं.

पुसेगावची यात्रा उलगडली त्या आठवड्यात
पुण्याची शाल्मली आली, दोन पोरं आणि एक पेटी घेऊन.
म्हणाली, कैकर पकडायचाय.
बजाबा मल्लावाला नाव ठाऊक नव्हतं, पक्षी होता.
‘ही तर माझी भागीदारीण. मासा नेताना बघा तिला,
डोकं पुढं, शेपूट मागं, वाऱ्याला तोंड देऊन धरती.
लांबून वाटतं, मासाच तिला कुठंतरी घेऊन चाललाय.’

चौथ्या दिवशी सापडली.
डोक्यावर तान्ह्या बाळाचा मोजा चढवला
तशी गप्प झाली, बजाबाच्या मांडीवर.
पाठीवर बांधायचं यंत्र मी मागून घेतलं,
म्हटलं, आधी माझ्या काट्यावर ठेवा.
तीस ग्रॅम, शाल्मली म्हणाली.
माझा काटा पन्नासाच्या खाली बोलत नाही.
ठेवलं. शून्य.

बावधनला बगाड फिरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली.
फोनवर लाल ठिपका. माण ओलांडला, भीमा ओलांडली,
मग अशी गावं की नावं वाचताना जीभ अडखळावी,
मग गावंच नाहीत, नुसता पिवळा रंग,
मग एक नदी, ओब नावाची, आणि तिच्या काठाला
ठिपका थांबला.

एक दिवस. चार. बारा.
मी सकाळी काट्याआधी फोन बघायला लागले.
बजाबा जाळं विणता विणता म्हणाला,
‘गेली. तिकडंबी कुणाचं तरी जाळं असंलच की.’
रात्री मी शाल्मलीला फोन लावला.
ती हसली. ‘थांबली नाही मावशी, बसलीये.’

बसलीये!
आमच्या खुडूक कोंबडीला टोपलीखाली डांबतो आम्ही,
आणि ही सात मुलखांपलीकडे एका झाडाच्या शेंड्यावर
पाठीवर माझं शून्य घेऊन बसलीये.

इकडे पाणी उतरत गेलं.
जुन्या विहिरीचं कडं वर आलं, मग पायऱ्या,
मग कुणाच्या तरी नांगराचा फाळ.
आषाढात लिलाव बंद झाला.
बजाबाने होडी पालथी घातली, तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.
ठिपका आता थोडाथोडा हलायचा,
नदीपर्यंत आणि परत, नदीपर्यंत आणि परत.

भादव्यात तो दक्षिणेला वळला.
घट बसले तेव्हा गुजरातेत होता.
ते यंत्र तीन दिवसांनी एकदाच बोलतं,
तेही मागचं.

गुरुवारी फोन आला.
सोमवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी,
ती इथे होती.
कोरड्या तळ्यावर चार फेऱ्या. नकाशावर त्या
पोराने पाटीवर शून्य गिरवावं तशा दिसतात.
मग शेडमागच्या वठलेल्या बाभळीवर पन्नास मिनिटं.
मग उजनीच्या दिशेने.

सोमवारी चारला मी शेडमध्येच होते.
पत्र्याखाली, बाभळीकडे पाठ करून
गेल्या सालच्या वह्या जुळवत.
एकशे बारा किलोची घट निघत होती आणि कुठे गेली ते कळत नव्हतं.
शीळ ऐकू आली होती, बारीक, तुटक.
मला वाटलं, शेळ्या वळणारा पोरगा असेल.

बजाबाला सांगितलं. बराच वेळ तो
चिखलाच्या भेगांकडे बघत राहिला.
‘पोरं किती झाली तिला?’
ते यंत्र सांगत नाही, म्हटलं.
‘मग काय सांगतं?’
कुठे होती ते.
‘ते तर तिलाबी ठाऊक हाय,’ तो म्हणाला,
आणि मिरच्या उलथायला उठला.

मी वही उघडली. सोमवारची तारीख घातली.
जातीच्या रकान्यात ‘कैकर, मादी’ असं लिहिलं.
वजनाचा रकाना अजून कोरा आहे.