सोनेरी रंगाचा डबा

हर्णैच्या बंदरावर मी होड्यांची नावं लिहितो.
वर्षातून एकदा, पौषात,
वरच्या सड्यावरून सायकलवर क्लबाचा शिपाई येतो:
"पेंटर, चला. माणूस जिंकला."
मग बारीक ब्रश रॉकेलात धुतो,
सोनेरी पावडरीचा डबा घेतो
आणि घाटी चढतो.

सागवानी फळ्यावर, अगदी वर, माझ्या बापाचं अक्षर:
राष्ट्रीय ज्येष्ठ गोल्फ स्पर्धा.
ज्येष्ठ म्हणजे पंचावन्न पुरी.
'ष्ठ' काढताना बाप अडखळलेला दिसतो,
पोटात रंग जरा जास्त साचलाय.

पहिलं नाव होर्मसजींचं. त्या साली सहाच जण खेळले.
बोटीनं आले, पडावातून उतरले,
पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडून,
काठ्यांच्या पिशव्या कोळणींच्या डोक्यावर.
हिरवळ नव्हतीच तेव्हा.
कातळावर वाळू पसरायची, वर लाँचीचं जळकं ऑइल,
खराट्यानं सारखी करायची, मधोमध भोक.
त्या काळ्या गोलावर चेंडू म्हणे
तापल्या तव्यावर थेंब पळतो तसा पळे.

बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर: युद्ध.
तिथे नावाच्या जागी नुसती रेघ.
रेघेचे पैसे मिळाले का, मी विचारलं होतं.
बाप म्हणाला, अर्धे.

मग माझं अक्षर सुरू होतं.
ब्रिगेडियर सोधी, ओळीनं तीनदा.
"खाली नुसती खूण करू का, वरीलप्रमाणे?"
सेक्रेटरी दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.
बिरेन लाहिरी, कलकत्त्याचे. त्यांचा चेंडू
कावळ्यानं अंडं समजून उचलला, खाडीत टाकला,
तरी जिंकले.
कमांडर तळपदे जिंकल्यावर दोन महिन्यांत गेले.
त्यांच्या बाई आल्या, स्टूल मागितलं, वर चढल्या,
नावावरून बोट फिरवलं, म्हणाल्या,
"ळ छान आलाय."

आणि एक त्र्याण्णव साल.
फळ्यावर कुणी वाडिया आहेत.
बंदरावर मात्र त्याला कर्नलचं साल म्हणतात.

शेवटचा होल. वाळकं गवत.
कर्नल चेंगप्पा काठी टेकवून उभे,
आणि मारायच्या आधीच चेंडू हलला.
किती?
त्यांचा कॅडी अब्बास मुकादम चिमटीत दाखवतो:
तांदळाच्या कणीएवढा.
कुणी पाहिलं नव्हतं.
अब्बासनं पाहिलं होतं,
आणि तोंड समुद्राकडे फिरवलं होतं.
कर्नल म्हणाले, एक फटका वाढवा माझा.
एका फटक्यानंच हरले.
जाताना अब्बासला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, ते त्यानं घेतले.
रात्री जेवला नाही.
का, ते अजून त्याला सांगता येत नाही.

फळ्यावर हरलेल्याचा रकाना नाही.

आता तर फळाच भरला.
शेवटचं नाव मी इतकं चेपून बसवलं
की वेलांट्या एकमेकींच्या अंगावर चढल्या.
पुढची नावं चिपळूणला मशीनवर कापतात, आणून चिकटवतात.
मला साठ लागली. शिपाई चेष्टा करतो,
"पेंटर, आता तुमीच खेळा की."

अब्बासनं कॅडीगिरी सोडली, होडी घेतली.
शेजारी 'अल-मदिना', 'एकवीरा', 'जय खंडेराय'.
"तुझ्या होडीवर काय लिहू?"
बराच वेळ वाळूत अंगठा घासत राहिला.
मग म्हणाला, कर्नल.
कस्टमवाले दरसाल विचारतात, कुठला कर्नल?
तो सांगतो, आमचा.

खारं पाणी वाचत नाही, नुसतं खातं.
आषाढात होडी वर ओढली
की 'क'चा पाय गेलेला असतो, रफार तर उडालेलाच.
सड्यावरची नावं मी एकेकदाच लिहिली.
हे दरवर्षी लिहितो, नारळी पौर्णिमेच्या आत.
पांढऱ्या ऑइलपेंटात, बाकीच्या होड्यांसारखंच.
डब्याच्या तळाला क्लबाचं सोनेरी थोडं उरलंय.
कुणाला विचारलं नाही.
रफार तेवढा त्यातनं काढतो.