एकोणीस किलो सातशे

उद्यमनगरात काटा खोटं बोलत नाही.
काल ज्यावर पंपाच्या बॉड्या मोजल्या
त्यावर दस्तगीरचाचांनी माझा कॉम्प्युटर उभा केला.
एकोणीस सातशे. विमानाला चालतंय?
विमानाला पंधरा चालतंय.
वरच्या प्रत्येक किलोला पैसे,
आणि फुटलं तर जबाबदारी आमची नाही,
हे तिकिटाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

ट्रकनं धाड की, सुयोग म्हणाला.
ट्रकनं मी एकदा मॉनिटर धाडला होता.
त्याचं पुढचं सांगत नाही.

तिकडं कंपनी नवा देणारच आहे, मग हा कशाला,
असं घरात तीनदा विचारून झालंय.

चाचांनी आधी बाजूची काच उतरवली.
मग आत वाकले, भट्टीच्या तोंडाशी वाकतात तसे,
एक डोळा बारीक करून.
हे काय लोंबतंय?
ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात महाग तेच.
महाग, आणि लोंबत ठेवलंय? पहिल्या खड्ड्यात मान मोडंल.
आकाशात खड्डे नसतात, चाचा.
असतात. मी हजला गेलतो.

तीस वर्षं त्यांनी वाळूचे कोअर बांधले.
बिस्किटासारखी गोष्ट, बोट लागलं की कोपरा गेला.
लोखंडाच्या आतली पोकळी कोअर ठरवतो
आणि लोखंड थंड झालं की त्यालाच फोडून बाहेर काढतात.
असल्या फुटायच्याच वस्तूला
ते दोन्ही हातांनी उचलायचे, आणि ठेवताना श्वास धरायचे.

या डब्यात मी सहा वर्षं लोखंड ओतलं.
पडद्यावर. पिवळं, लाल, मग कडेनं निळं होत जाणारं.
कुठं हवा अडकेल, कुठं तडा जाईल,
रात्रभर पंखे घुमवत तो मोजत बसायचा.
एकदा त्यानं तडा सांगितला, मालकांनी ऐकलं नाही.
चाळीस बॉड्या भंगारात.
तेव्हापासून चाचा त्याला मिस्त्री म्हणतात.

भुसा नको, चिपाड नको,
आत गेलं तर मिस्त्रीला खोकला.
लाकडी पेटी नको, तिचंच वजन सहा किलो.
दुपदरी पुठ्ठा, आणि कोअरला कापतात तसा
बरोब्बर खाचेचा फोम.
काच इथंच राहू दे, म्हणाले,
हजेरीच्या टेबलावर बसतीय.
मग तांबड्या रंगात, ब्रशनं, पेटीच्या चारी अंगांना लिहिलं:
आत मिस्त्री आहे. आपटू नये.

उजळाईवाडीला काउंटरवरची मुलगी
पेटीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.
मॅडम, आत कोण आहे म्हणालात?
तिचा काटा वीस दोनशे म्हणाला. रंगाचं वजन असेल.
पैसे भरले. तिनं फुटक्या पेल्याचं चित्र चिकटवलं
नेमकं "आपटू" आणि "नये" यांच्या मध्ये.

कार्ड माझ्या पिशवीत होतं, सुती ओढणीत.
तपासणीत साहेबांनी तीन पंखे मोजले.
हे काय?
पंखा, म्हटलं. त्यांनाही पुढचं नको होतं.

खिडकीतून ट्रॉली दिसली.
दोघं पोरं. एकानं पेटी वाचली, दुसऱ्याला वाचून दाखवली,
दोघं हसले,
आणि बाकीच्या बॅगा फेकून झाल्यावर
ती दोघांनी मिळून उचलली.
श्वास धरला का, ते इतक्या लांबून कळलं नाही.

हैदराबादला ही अक्षरं कोण वाचणार?
मिस्त्रीला तिकडं काय म्हणतात?
मी विचारायला हवं होतं कुणालातरी.

खाली उसाचे हिरवे तुकडे, मग ढग,
आणि ढगात विमान एकदम
हातभर खाली गेलं.
पिशवी मी पोटाशी धरली.
आहेत, चाचा. खड्डे आहेत.