घट

इंदूरच्या सराफ्यात दुकानांची शटरं उतरतायत,
ओट्यांवर गराडूच्या कढया चढतायत,
मुकुंदकाका विसपुते अजून काट्यापाशी.
मूस निवली. शंभर ग्रॅममागे दोन गुंजा गेल्या.
"घट धरावीच लागते. आग फुकट राबत नाही."

काका, कॉलेजात मी हेच शिकवते.
तुमच्या चिमट्यातल्या सोन्याच्या एकेका अणूत, पार गाभ्यात,
एकोणऐंशी प्रोटॉन, एकमेकांना न सोसणारे,
आणि एकशे अठरा न्यूट्रॉन, ज्यांचं कुणाशीच भांडण नाही.
सुटे तोला, वजन जास्त.
एकत्र तोला, कमी.
ती घट कुणी चोरली नाही.
एकत्र येताना ती उजेड होऊन गेली,
आणि तेवढी परत मोजल्याशिवाय
गहाण सुटत नाही कुणाचं.

ओढ भलती जोरकस, पण हात आखूड.
खेटून बसलेल्यालाच धरते,
पलीकडच्याची तिला ओळखही नाही.
फारच अंगावर आलात तर तीच ढकलते.
भांडण मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातं.
म्हणून घर फार वाढलं की टिकत नाही,
चौघं-चौघं मिळून बाहेर पडतात,
दोन भांडणारे, दोन गप्प.

काकांनी चष्मा कपाळावर सारला.
"किती जाते म्हणालीस?"
शंभराला पाऊणच्या वर.
"एवढी?" ते हसले. "एवढी घट मी धरली असती
तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढलं नसतं."

मग वहीत दोन गुंजा मांडल्या,
काट्यावर फडकं टाकलं,
आणि म्हणाले, चल, गराडूवर लिंबू जास्त पिळायला सांग.