आवक नोंदवही, सांगे

कागद फाटला की
मी गव्हाची खळ शिजवते, पातळ,
पेजेच्या निवळीसारखी,
आणि वरून तलम जपानी कागद बसवते.
सतरा वर्षं हेच.
सांग्याच्या बाजारामागे, भाड्याच्या दोन खोल्यांत
डोंगराकडच्या गावांचे कागद येतात:
गोणपाटातून, बिस्किटांच्या डब्यांतून,
एकदा तर देवळाच्या फुटक्या नगाऱ्यातून.
कसरीने आधी वाचलेले.

मंगळवारी झिलू वेळीप आला.
चपला बाहेर काढल्या, पाय पुसले,
म्हणाला, वडाझर आहे का तुमच्याकडे?
पुस्तक मागावं तसं.

नकाशा काढला. भिरणीचा डोंगर:
खाणीच्या पट्ट्यातली काटकोनी चौकट,
आत एक आकडा. झर नाही.
मोजणीच्या कागदांत नाही.
गावकारीच्या वहीत देणं, घेणं, दंड,
एका बैलाचं भांडण अकरा पानं.
झर नाही.

एर्मिंदा चष्मा पुसत आतून आली.
तिला पोर्तुगीज येतं, बापाच्या शिव्यांसकट.
काजूच्या पावणीच्या यादीवर तिचं बोट थांबलं:
तेरावा वाटा, भट्टीला पाणी 'वोराजोर'चं.
कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं,
ड चा र, झ चा ज.
एवढीच. एका ओळीची झर.

झिलूने तो शब्द तीनदा वाचायला लावला.
मग म्हणाला, "चुकलां. वडाझर."
मी कार्डावर पेन्सिलीने लिहून घेतलं,
उच्चार: सांगणाऱ्याचा.
'ठिकाण' हा रकाना कोरा सोडला.

तेव्हा त्याने पिशवीतून पुडकं काढलं.
मला वाटलं, घराचे दस्त असतील.
निघाल्या खेपांच्या चिठ्ठ्या.
ट्रकचा नंबर, टन, वेळ, सही.
नऊ वर्षांच्या, रबराने बांधलेल्या,
रबर कधीच वितळून कागदाला चिकटलेलं.
"हेंय दवर," म्हणाला. "हा डोंगर.
मीच नेला. धक्क्यापर्यंत, बार्जवर.
खेपेमागे पैसे होते, थांबलं की नाहीत.
झर कुठल्या खेपेत गेली ते मला समजलं नाही.
तुम्ही बघा. तारीख असते वर."

एर्मिंदाने चहा टाकला, साखर विसरली.
तिघांनीही तसाच प्यायला.

नियम असा: आलेला कागद आधी झाडायचा,
मऊ ब्रशने, मधून कडेकडे,
धूळ ओल्या फडक्याने टिपून टाकायची.
पहिलीच चिठ्ठी झाडली
आणि टेबलावर लाल भुकटी सांडली,
बारीक, कुंकवाहून जड.
टाकायची धूळ कुठली,
ठेवायचा कागद कुठला,
सतरा वर्षांत पहिल्यांदा कळेना.

पोस्टकार्डाच्या कडेने ती गोळा केली,
लिफाफ्यात भरली, तोंड दुमडलं.
नोंदवहीत लिहिलं:
सुटे कागद, दोन हजार एकशे चार.
देणगीदार झिलू वेळीप, चालक, निवृत्त.
सोबत डोंगर, अंदाजे अर्धा चमचा.

शुक्रवारी साहेब पणजीहून तपासणीला आले.
शेवटच्या ओळीखाली रेघ मारून
विचारलं,
वजन ग्रॅममध्ये का नाही?