येईल त्याला

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना डाव्या हाताला
काजूचा कारखाना होता ना, बंद पडलेला,
त्याच्या शेडमध्ये शनिवार-रविवार नाच शिकवतात.
दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं: येईल त्याला.
म्हणजे ज्याला नाच येईल त्याला,
की जो कुणी येईल त्याला,
एवढं विचारायला म्हणून मी आत गेलो.

एकसष्ट वर्षांत माझ्या पायांनी
एकच नाच केलाय, पायमशीनचा.
टाच, चवडा, टाच, चवडा.
जागचा न हलता
अर्ध्या गावाच्या लग्नांत नाचलो मी.

पहिल्या शनिवारी आंबोलीकडचा धाकू झोरे,
खांद्याला ढोल, गजा शिकवायला.
आम्ही विचारलं, पावलं मोजायची कशी?
त्याने असं पाहिलं
जणू कुणी विचारावं, घास किती वेळा चावायचा.
"ढोल सांगता," म्हणाला, आणि लागला वाजवायला.
ढोल सांगत होता.
आम्हालाच ऐकू येत नव्हतं.
रुमाल उडवण्याच्या भरात
पोस्टातल्या मठकरांचा चष्मा गेला,
तो तिसऱ्या दिवशी सापडला, टरफलांच्या ढिगात.

मग संगमेश्वराहून बारक्या गोताड, जाखडीवाला.
माझ्या एकाच पायात चाळ बांधला त्याने.
तेव्हा कळलं, डावा पाय
इतकी वर्षं नुसता सोबतीला होता.
"तुम्ही शक्तीवाले की तुरेवाले?"
मी म्हटलं, शर्टवाला. ब्लाऊजही शिवतो.
रात्री अंथरुणात उजवा पाय हलला
आणि नसलेला चाळ वाजला.
बायको असती तर म्हणाली असती, उंदीर.

काल म्हापशाहून फिलोमिनाबाई आल्या,
पांढरे बूट, पिशवीत डब्याएवढा स्पीकर.
वॉल्ट्झ. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन,
"पांयांक पळोवं नाका!"
पायांकडे नको तर कुठे बघू?
माझं पायडल दोनाचं.
हा तिसरा ठोका म्हणजे न सांगता आलेला पाहुणा,
पानं वाढून झाल्यावर दारात उभा.

मग जोड्या लावल्या.
माझ्यासमोर द्वारका केळुसकर, बाजारात मासे विकते ती.
छाती छत्तीस, बाही साडेनऊ,
डावा खांदा पाव इंच खाली, पाटीच्या ओझ्याने.
बावीस वर्षं शिवतोय तिचे ब्लाऊज.
टेपच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती,
मध्ये नेहमी इंच.

तिने हात पदराला पुसला. पुन्हा पुसला.
"हाताक म्हावऱ्याचो वास येता माझ्या."
"येवंदे."
तळहातावर सुरीचे बारीक चरे,
मिठाने राठ झालेली बोटं.
हे माप माझ्या वहीत नव्हतं.
तिने माझ्या तर्जनीवर अंगठा फिरवला,
जिथे सुई नखातून आरपार गेली होती
आणि तो काळा ठिपका राहिलाय.
काही विचारलं नाही.

मी तिच्या पायावर पाय दिला. दोनदा.
तिसऱ्यांदा ती थांबली, म्हणाली,
"व्हडी येता तेवा आम्ही कशे उभे रवतो?
एक लाट, दुसरी लाट,
मगे पाटी उचलूची."

एक लाट.
दुसरी लाट.
आणि मग तिच्याबरोबर माझंही काहीतरी
जमिनीवरून उचललं गेलं.
फिलोमिनाबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त आवाज थोडा मोठा केला.

आज मशीनवर बसलो.
सावंतांच्या पोराची पँट, उद्या द्यायची.
टाच, चवडा,
आणि पाय मध्येच थांबला, एका लाटेपुरता.
दोरा तुटला नाही.

पुढच्या शनिवारी फुगडी.
बायका म्हणतात, पुरुषांचं काय काम तिथे?
मठकर सकाळीच येऊन गेले,
चष्म्याला बांधायला नाडी मागत होते.