तीन महिने मागे

झिंगाबाई टाकळीत माझं पार्लर, दहा बाय बारा,
एक खुर्ची, दोन आरसे, त्यातला एक तडकलेला.
खिडकीत काळा टॉवेल वाळत घातला
तर संध्याकाळपर्यंत त्यावर कोराडीची राख.
त्यामुळे मला फरक कळतो :
राख बोटावर घेतली की पसरते,
कोंडा चिकटून राहतो.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात प्रणोती बारापात्रे आली.
स्कूटी लावली, स्कार्फचे चार वेढे सोडले,
पर्समधून दुधाची धुतलेली पिशवी काढली
आणि माझ्या हातात दिली.
आत केस.
"एकशे सतरा. फक्त कालचे. मोजले मी."

मी काही विचारायच्या आत तीच,
"आई म्हणते बोअरचं पाणी. मामी म्हणते हेल्मेट.
ऑफिसातला निखाडे म्हणते, शाम्पू बदलून पाह्य.
रोज रात्री वाटीभर तेल थापून राहिली मी,
तरी वाढूनच राहिला ना कोंडा, ताई."

तरी नाही गं, म्हणून.
बुरशी असते टाळूवर. तुझ्या, माझ्या, निखाडेच्याही.
तेलावर जगते बापडी.
आपण तिला रोज पंगत वाढायची
अन् मग विचारायचं, पाहुणे काहून जाऊन नाही राहिले.

भांग पाडला. टाळू लाल,
कानामागे पिवळट पापुद्रे, नखांचे ओरखडे.
"धुतेस कधी?"
"रविवारी. टँकर रविवारी येते."
"सकाळी काय खातेस?"
"चहा."
"अन्?"
"चहाच."
पापणी खाली ओढून पाहिली. आत कागद.

हे पापणी ओढणं मी मेडिकलला शिकले,
माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती तेव्हा.
चर्मरोगाची ओपीडी, नंबर एकशे चार.
डॉक्टरीण बाईंनी केसांकडे पाहिलंच नाही आधी,
म्हणाल्या, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

केस उशिरा बातमी देतात.
मूळ थांबतं त्या दिवशी काहीच दिसत नाही.
बाई उठते, तोंड धुते,
भाजीत मीठ परत बरोबर पडायला लागतं,
सगळे म्हणतात, सावरली.
आणि मग एका सकाळी मोरीच्या जाळीवर पाणी तुंबतं.

माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं : मुलगी झाली.
बाई हसल्या होत्या. येतील परत, म्हणाल्या.
आले. सगळे नाही.

प्रणोतीला मी तेच विचारलं.
तिनं बोटांवर मागे मोजलं. श्रावण, आषाढ, ज्येष्ठ.
"टायफॉइड. अठरा दिवस.
सत्तेचाळीस डिग्री अन् कूलरची मोटर जळलेली."
"अन्?"
"अन् काही नाही."

मान बेसिनवर, डोळे मिटलेले,
गळ्यात काहीतरी एकदा वर जाऊन खाली आलं.
मी पुन्हा विचारलं नाही.
औषधाचा फेस पाच मिनिटं ठेवायचा असतो.
मी दहा ठेवला.

लाइटबिलाच्या मागे लिहून दिलं :
हिमोग्लोबिन, थायरॉइड. तेल बंद.
आठवड्यातून दोनदा धू, टँकर येवो न येवो.
बाकी मेडिकलला विचार, पार्लरवालीनं औषधं सांगू नये.

जाताना तिनं पिशवी परत मागितली.
"काय करतेस त्याचं?"
"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जातो आम्ही.
पिवळी आली की देते फेकून."
आणि पहिल्यांदा हसली, "कोंडा घेऊन जाय गे मारबत."
मग स्कार्फ गुंडाळता गुंडाळता,
फक्त डोळे उरले तेव्हा, कापडातून,
"अन् एक माणूस पण."

स्कूटी सुरू व्हायला तीन किका लागल्या.

झाडताना खुर्चीखाली तिचे लांब काळे.
आणि एक आखूड, अर्धा पांढरा. माझा.
मग अजून एक. अजून दोन.
मी झाडू भिंतीला लावला
आणि श्रावणापासून मागे मोजायला लागले.