कोट नंबर एक्केचाळीस

ठाकूरद्वारला, जिन्याखालच्या दुकानात
आम्ही लढाया भाड्याने देतो.
मावळे चाळीस, मोगल पंचवीस.
मोगल पडूनच असतात,
शाळेत कुणी व्हायला तयार नसतं.
जानेवारीत जवान संपतात,
मग वॉचमनच्या शर्टावर
मी फीत शिवून देतो.
आयांना चालतं.

शूटिंगवाले खाकी नेतात.
एकच सदरा सकाळी आपला, दुपारी त्यांचा,
बिल्ला तेवढा टाचणीनं बदलतो.
परत येतो तेव्हा
साखरेच्या पाकातल्या रक्ताला
मुंग्या लागलेल्या.
पावतीवर छापलंय :
डाग न गेल्यास अनामत परत मिळणार नाही.

अस्सल असा एकच होता.
जाड लोकरीचा, ट्रंकेतून घरी आलेला,
डाव्या खिशाशी भोक.
गोळीचं की बिडीचं, कुणी विचारलं नाही.
द्वारका घाग यांनी बहात्तर साली विकला,
शिलाई मशीन घ्यायला.
मी रफूला सुई ओवली तर शेठ म्हणाले,
राहू दे, भोकाचे पाच रुपये जास्त येतात.
एका कलादिग्दर्शकाला ते खरं वाटेना,
त्यानं कात्रीनं मोठं केलं.

दर डिसेंबरात बाई यायच्या.
पावती, अनामत, सगळं रीतसर.
एका रात्रीसाठी न्यायच्या,
सकाळी इस्त्री करून परत.
पुढे चार दिवस त्या कपाटाला
खोबरेलाचा वास.

एका वर्षी कोट सेटवर जळाला.
सीन फार चांगला झाला, म्हणे.
भरपाईचा चेक आला,
शेठनी एक्केचाळीसची चिठ्ठी
दुसऱ्या कोटाला टाचली,
आणि भोक मी पाडलं.
मोजून, डाव्या खिशाशी.

बाईंनी भोकात बोट घालून पाहिलं.
कॉलर उलटी केली.
दुसऱ्या बटणावर अंगठा फिरवत
बराच वेळ उभ्या राहिल्या.
बाहेर कुणाची तरी वरात अडकली होती,
बँडवाले तेच तेच वाजवत होते.
मग म्हणाल्या,
हाही कुणाचा तरी असेलच की.

मी मान हलवली.
कापड भिवंडीचं, शिलाई माझी.
कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये
टाळ्या घेत मेलेला एक पोरगा सोडला
तर त्या कोटात अजून
कुणीच मेलं नव्हतं.

अनामत त्यांनी नेहमीसारखी
मोजून काउंटरवर ठेवली.